आखूड अँटेनाचा हिशेब

वाङ्मय मंडळाच्या अंकात ओहम आणि वॅट कशाला, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. मी बीएला मराठी-इंग्रजी घेतलेली मुलगी. बारावीनंतर फिजिक्सला हात लावणार नाही असं ठरवलं होतं. पण एका प्रसंगानं मला परत त्या दाराशी नेलं, आणि जे शिकले ते सोप्या मराठीत लिहून ठेवावं असं वाटलं. आकडेमोड गुणाकार-भागाकारापलीकडची नाही, त्यामुळे घाबरू नका.

माझं आजोळ वसईचं, पाचूबंदरचं. मामाची मासेमारीची बोट आहे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, बंदी उठून थोडेच दिवस झाले होते, तेव्हा त्याचं इंजिन समुद्रात बंद पडलं. मोबाइलला रेंज नव्हती. हातात धरायचा व्हीएचएफ वायरलेस सेट होता. मामानं चॅनल १६ वर हाका मारल्या. एक तास, दोन तास, चार तास. उत्तर नाही. शेवटी तिथून जाणाऱ्या दुसऱ्या बोटीनं पाहिलं आणि दोर टाकून ओढत आणलं. कुणाला काही झालं नाही, पण त्या चार तासांत आजी आणि मामी रोझरी घेऊन बसल्या होत्या, ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

घरी आल्यावर मामा एकच म्हणत होता, "पाच वॅटचा सेट आहे गं. दुकानवाल्यानं सांगितलं होतं, पाच वॅट म्हणजे भरपूर." सेट चांगला होता, बॅटरी भरलेली होती. फक्त मूळचा अँटेना जाळ्यात अडकतो म्हणून त्यानं वीतभराहून छोटा, जाड रबरी अँटेना लावून घेतला होता.

मग ते पाच वॅट गेले कुठे? हा प्रश्न घेऊन मी आपल्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांकडे गेले. सरांकडे हॅम रेडिओचं लायसन्स आहे. ते म्हणाले, "उत्तर देत नाही. गच्चीवर चल, आपण हिशेब मांडू."

लहान म्हणजे किती लहान?

पहिली गोष्ट कळली ती ही: अँटेना लहान की मोठा, हे फूटपट्टीनं ठरत नाही, तरंगलांबीच्या तुलनेत ठरतं. रेडिओ लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. या वेगाला वारंवारतेनं भागलं की तरंगलांबी मिळते. सोपी युक्ती अशी: ३०० ला मेगाहर्ट्झनं भागा, उत्तर मीटरमध्ये येतं.

मामाचं चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. तरंगलांबी सुमारे १.९१ मीटर. उभा अँटेना तिच्या पाव भागाएवढा, म्हणजे ४८ सेंटिमीटरच्या आसपास असला की काम आपोआप सोपं होतं. मामाचा त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. आत तार स्प्रिंगसारखी गुंडाळून तो "बसवला" होता.

सरांचा प्रयोग ७.१ मेगाहर्ट्झवरचा. तिथं तरंगलांबी ४२ मीटर, पाव भाग साडेदहा मीटर. एवढा खांब गच्चीवर उभारायला प्रिन्सिपल फादरांची परवानगी मिळेना. मिळाली ती २ मीटरच्या खांबाची. म्हणजे तरंगलांबीच्या ५ टक्क्यांहूनही कमी. सर म्हणाले, "बरं झालं. अडचणीतच शिकायला मिळतं."

शक्ती जाते कुठे?

आता सगळ्यात महत्त्वाची कल्पना. अँटेनात प्रवाह सोडला की त्यातली काही शक्ती लहर बनून निघून जाते. गेलेली शक्ती परत येत नाही. म्हणून ट्रान्समीटरला ती एखाद्या रोधात खर्च झाल्यासारखीच वाटते. या मानलेल्या रोधाला प्रारण-रोध म्हणतात. हा आपल्या कामाचा रोध. यात जे खर्च होतं, तेच दूरवर ऐकू जातं.

अँटेना लहान केला की हा प्रारण-रोध नुसता कमी होत नाही, वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. उंची निम्मी केली तर रोध चौथ्या हिश्शावर येतो. आमच्या २ मीटरच्या खांबाचा हिशेब आला फक्त ०.९ ओहम. पूर्ण पाव तरंगलांबीच्या खांबाचा तो सुमारे ३६ ओहम असतो.

दुसरी अडचण अशी की आखूड अँटेना कपॅसिटरसारखा वागतो. दिलेली ऊर्जा तो बाहेर न सोडता परत ढकलतो. आमच्या खांबाची ही अडवणूक सुमारे १००० ओहम होती. ती मोडायला पायथ्याशी कॉइल लावतात. कॉइल बरोबर उलटी वागते, आणि दोघं मिळून झोपाळ्यासारखे लयीत झुलू लागतात. यालाच रेझोनन्स किंवा अनुनाद म्हणतात. झोपाळा लयीत असेल तर छोट्या झोक्यानंही तो उंच जातो.

पण कॉइल फुकट काम करत नाही. तिच्या तारेचा स्वतःचा रोध असतो, आणि त्यात शक्ती तापून जाते. अँटेनाखालच्या जमिनीतून परत येणारा प्रवाहही असाच शक्ती खातो. म्हणजे एकाच वाटेवर तीन रोध एकापाठोपाठ: प्रारणाचा, कॉइलचा, जमिनीचा. तिघांतून प्रवाह एकच, म्हणून शक्ती रोधाच्या प्रमाणात वाटली जाते. कार्यक्षमता काढायची तर प्रारण-रोधाला तिघांच्या बेरजेनं भागा. संपला हिशेब.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी आम्ही प्लॅस्टिकच्या पाइपवर बारीक तार गुंडाळून कॉइल केली. तिचा रोध ५ ओहम धरावा लागला. जमिनीच्या जागी गच्चीवर चार तारा पसरल्या. खांबाच्या पायथ्याशी अॅनालायझरनं एकूण रोध मोजला, तो १६ च्या थोडा आत आला. त्यातून प्रारणाचे ०.९ आणि कॉइलचे ५ वजा केले की उरलेले १० ओहम जमिनीचे.

०.९ भागिले १५.९. साडेपाच टक्के! सरांचा ट्रान्समीटर १० वॅटचा. त्यातले जेमतेम अर्धा वॅट आकाशात जात होते. बाकी साडेनऊ वॅट आम्ही कॉइल आणि गच्ची गरम करायला वापरत होतो.

मला लगेच मामाचा दुकानवाला आठवला. "पाच वॅट" खोटं नव्हतं. सेटमधून पाच वॅट निघतही असतील. पण सेटमधून निघणं वेगळं आणि हवेत सुटणं वेगळं. हा फरक दुकानात कुणी सांगत नाही.

मीटर खूश, श्रोता नाखूश

इथे एक सापळा आहे, तो मुद्दाम सांगते. ट्रान्समीटरला साधारणपणे ५० ओहमचा भार आवडतो. तो तसा आहे का, हे एसडब्ल्यूआर मीटर दाखवतं. १ ला १ आलं की सगळं छान, असं समजतात.

मी सरांना विचारलं, "आपला १६ ओहम आहे, म्हणून मीटर कुरकुर करतंय. तारा काढून टाकल्या आणि जमिनीचा रोध ४४ झाला तर?" सर हसले. "बेरीज कर."

०.९ अधिक ५ अधिक ४४ म्हणजे ४९.९. मीटर एकदम खूश! पण ०.९ भागिले ५० म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. अँटेना आणखी वाईट केला आणि मीटरनं शाबासकी दिली. कारण मीटर फक्त शक्ती परत येते का तेवढंच बघतं. ती पुढे लहर झाली की उष्णता, हे त्याला दिसत नाही. म्हणून १६ चे ५० करायचे ते जुळणीच्या ट्रान्सफॉर्मरनं करायचे, नुकसान वाढवून नाही.

तीन उपाय

दुसऱ्या खेपेला आम्ही कॉइल बदलली. जाड तार, वेटोळ्यांमध्ये मोकळी जागा, रुंद साचा. रोध ५ वरून अडीच ओहमवर आला. गच्चीवरच्या चार तारांच्या सोळा केल्या, म्हणजे परतीचा प्रवाह वाटला गेला. जमिनीचा रोध १० वरून ५ वर. बेरीज ८.४, कार्यक्षमता जवळजवळ ११ टक्के. दुप्पट, तेही ट्रान्समीटरला हात न लावता.

तिसऱ्या खेपेला खांबाच्या टोकावर छत्रीच्या काड्यांसारख्या आडव्या तारा बसवल्या. याला टोपी म्हणू. नुसत्या खांबात प्रवाह पायथ्याशी जास्त आणि टोकाशी शून्य असतो, म्हणजे वरचा अर्धा खांब जवळजवळ बसून खातो. टोपीमुळे प्रवाह टोकापर्यंत टिकतो. प्रारण-रोध ०.९ वरून सुमारे ३ ओहमवर गेला. शिवाय अडवणूक १००० वरून ५०० वर आली, म्हणून कॉइल निम्मी पुरली आणि तिचा रोध सव्वा ओहमवर उतरला. बेरीज ३ अधिक १.२५ अधिक ५, म्हणजे ९.२५. कार्यक्षमता ३२ टक्के!

गंमत बघा, एकूण रोध ८.४ वरून ९.२५ झाला, म्हणजे वाढलाच. पण वाढला तो कामाचा रोध.

आता १० वॅटमधले ३.२ वॅट हवेत. पहिल्या दिवसाच्या साडेपाच पट. तेच पहिल्या अँटेनातून मिळवायचं असतं तर ५६-५७ वॅटचा ट्रान्समीटर लागला असता. हैदराबादच्या एका हॅमनं पहिल्या दिवशी मोर्स "तुटक" म्हणून कळवलं होतं, नंतर "स्वच्छ" म्हटलं. पण सरांनी मला नाचू दिलं नाही. आकाशातले थर रोज बदलतात, म्हणून एकाच दुपारी टोपी काढून आणि लावून, दोनदा ऐकवून खात्री केली, तेव्हाच वहीत लिहिलं.

एक इशारा: १० वॅटलाही कॉइलच्या वरच्या टोकाशी शेकडो व्होल्ट असतात. हात लावू नका. आणि लायसन्सशिवाय ट्रान्समीटर चालवणं हा गुन्हा आहे. बोलणं सरांचं, आकडे लिहिणं माझं, अशीच आमची वाटणी होती.

ट्रान्समीटरचा वाटा

तुम्ही म्हणाल, सगळा दोष अँटेनाचा, मग ट्रान्समीटर कसाही चालेल? नाही. ट्रान्समीटरचा शेवटचा टप्पा बॅटरीतून शक्ती घेतो आणि तिथेही काही तापून जाते. "क्लास ए" पद्धतीत जास्तीत जास्त ५० टक्के उपयोगी पडतात, "क्लास बी"त ७८.५. सरांचा सेट "क्लास ई" होता. त्यात ट्रान्झिस्टर स्विचसारखा वापरतात आणि व्होल्टेज शून्याला आलेलं असतानाच तो चालू करतात. व्होल्टेज आणि प्रवाह एकाच वेळी नसले की तापायला काही उरत नाही. ८० टक्क्यांच्या पुढे सहज जाता येतं.

ही पद्धत १९७५ मध्ये नेथन सोकल आणि त्यांचा मुलगा अॅलन यांनी मांडली. साहित्याच्या विद्यार्थ्यांनो, नाव ओळखीचं वाटतंय ना? १९९६ मध्ये "सोशल टेक्स्ट" नियतकालिकात मुद्दाम रचलेला निरर्थक लेख छापून आणून सिद्धान्तवाद्यांची फजिती करणारे अॅलन सोकल ते हेच. थिअरीच्या तासाला भेटलेला माणूस मला गच्चीवर पुन्हा भेटला.

पण क्लास ईचा ताल भारावर अवलंबून असतो. आखूड अँटेना जरा हलला, पावसात भिजला, जवळ माणूस उभा राहिला की रेझोनन्स सरकतो आणि स्विचची वेळ चुकते. म्हणून अँटेना, कॉइल आणि ट्रान्समीटर हे एकच यंत्र समजून आखावं लागतं. आणि हेही लक्षात घ्या: ५० टक्क्यांचा टप्पा बदलून ८५ चा केला तर फायदा १.७ पट. अँटेनाकडचं नुकसान कमी केल्यावर तो साडेपाच पट होता. जिथं गळती जास्त तिथं आधी हात घालायचा.

नाताळचा संदेश

हे सगळं मला शाळकरी खटाटोप वाटलं असतं, जर सरांनी स्वीडनमधल्या ग्रिमेटनची गोष्ट सांगितली नसती. १९२४ पासूनचं हे केंद्र अमेरिकेशी तारसंदेशांसाठी बांधलं. तिथं १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे आहेत. प्रचंड वाटतात ना? पण वारंवारता १७.२ किलोहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी साडेसतरा किलोमीटरच्या आसपास. तिच्यापुढे १२७ मीटर म्हणजे पाऊण टक्काही नाही. आमच्या गच्चीवरचा २ मीटरचा खांब त्या हिशेबानं ग्रिमेटनपेक्षा मोठा!

आणि उपाय? तेच तीन. मनोऱ्यांच्या माथ्यावरून जाणाऱ्या सुमारे २.२ किलोमीटरच्या आडव्या तारा ही टोपी. मोठमोठ्या कॉइली. आणि अर्न्स्ट अॅलेक्झँडरसन यांची युक्ती: प्रवाह एकाच ठिकाणी जमिनीत न सोडता सहा मनोऱ्यांपाशी, प्रत्येकी वेगळ्या कॉइलमधून उतरवायचा, म्हणजे जमिनीतलं नुकसान वाटून कमी होतं. २०० किलोवॅटचा ट्रान्समीटर असूनही त्यांनी गळतीचाच विचार केला. २००४ पासून हे केंद्र युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, आणि नाताळच्या आदल्या दिवशी ते जुनं यंत्र फिरवून मोर्समध्ये शुभेच्छांचा संदेश पाठवण्याची तिथं प्रथा आहे. मिडनाइट मासच्या तयारीत असताना यंदा मला त्याची आठवण होईल.

आपल्याकडेही असं केंद्र आहे. तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन. तिथून पाण्याखालच्या पाणबुड्यांना संदेश जातात, कारण इतक्या लांब लहरीच समुद्रात थोड्या खोल शिरतात.

सीमा कुठे आहे?

मग नुकसान शून्य केलं तर कितीही लहान अँटेना चालेल का? नाही. हॅरल्ड व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि लान जेन चू यांनी १९४८ मध्ये दाखवलं की निसर्ग इथं दुसरी किंमत घेतो. नुकसान नसलेला अँटेना जितका लहान, तितका तो अरुंद पट्ट्यात काम करतो. आकार निम्मा केला तर पट्टा आठव्या हिश्शावर येतो. आमच्या नुसत्या खांबाचं सगळं नुकसान जादूनं नाहीसं झालं असतं, तर त्याचा पट्टा ६ किलोहर्ट्झच्या आसपास राहिला असता. मोर्सला पुरे, बोलण्याला जेमतेम, संगीताला अजिबात नाही. म्हणून लहान अँटेना, भरपूर कार्यक्षमता आणि रुंद पट्टा, या तिन्ही गोष्टी एकदम मागता येत नाहीत.

तरी शोध थांबलेला नाही. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेनं लिथियम नायोबेटच्या सुमारे १० सेंटिमीटरच्या कांडीचा ट्रान्समीटर दाखवला. व्होल्टेज दिलं की ही स्फटिकाची कांडी आखडते-ताणते, आणि तिचं कंपनच कॉइलचं काम करतं, तेही फार कमी नुकसानीत. तेवढ्याच आकाराच्या आधीच्या अँटेनांपेक्षा ३०० पटींहून जास्त कार्यक्षमता त्यांनी सांगितली. पट्टा अरुंद राहतो ही अडचण त्यांनी कांडीची वारंवारताच क्षणोक्षणी बदलून सांभाळली.

पुन्हा पाचूबंदर

मामाला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. एवढंच सांगितलं: "मामा, वॅट किती ते दुकानात विचारू नकोस. अँटेना किती लांब आणि किती उंच ते विचार." उंचीचंही सांगायला हवं होतं, कारण त्या दिवशी सगळा दोष आखूड अँटेनाचा नव्हता. पृथ्वी गोल आहे. पाण्यापासून २ मीटरवर धरलेल्या अँटेनाचं रेडिओ क्षितिज ६ किलोमीटरच्याही आत असतं. ६ मीटरवर नेला तर ते १० किलोमीटरवर जातं.

आता केबिनच्या वरच्या काठीवर पूर्ण लांबीचा अँटेना आहे, खाली जाड केबल आहे. सेट तोच, पाच वॅटचा. या मोसमात मामा रोज बंदर सोडल्यावर एकदा हाक देऊन बघतो, उत्तर आलं की पुढे जातो. आजी अजूनही रोझरी म्हणते. पण आता ती आधी विचारते, "रेडिओ लागला का?"

घरी करून बघा

१. तुमच्या आवडत्या एफएम केंद्राची तरंगलांबी आणि तिचा पाव भाग काढा. मोबाइलला इअरफोन लावल्याशिवाय एफएम का लागत नाही, याचा अंदाज बांधा.

२. प्रारण-रोध २, कॉइल ३ आणि जमीन १५ ओहम असेल तर कार्यक्षमता किती? खर्च करायला एकच संधी असेल तर आधी काय सुधाराल?

३. एका अँटेनाचा एसडब्ल्यूआर १ ला १ आहे, दुसऱ्याचा २ ला १. दुसरा चांगला असू शकतो का? कारण लिहा.

उत्तरं वहीत लिहून मंडळाच्या पुढच्या बैठकीला आणा. सर येणार आहेत.